सामंत सरांच्या तासाला मी गैरहजर होते

सामंत सरांचा आवाज आमच्या घरात रोज संध्याकाळी यायचा. सर स्वतः कधी आले नाहीत. आले असते तर दारातच नाकाला रुमाल लावून उभे राहिले असते. आवाज यायचा तो माझ्या फोनमधून. मोरीच्या कट्ट्यावर, पाणी उडणार नाही अशा बेताने मी तो ठेवायचे, आणि सकाळी तलासरीच्या कॉलेजात झालेलं भूगोलाचं व्याख्यान डहाणूच्या खाडीकाठच्या आमच्या घरात पुन्हा एकदा सुरू व्हायचं. आई विळीवर मांदेली साफ करत बसलेली, काकी सुपात जवळा घेऊन त्यातले शिंपल्यांचे तुकडे वेचत बसलेली आणि मी चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत. बाहेर दोऱ्यांवर टांगलेले बोंबील वाऱ्याने एकमेकांवर घासायचे, शेजारची कुत्री त्यांच्याकडे बघून भुंकायची, आणि या सगळ्यात सर सांगत असायचे, लिहून घ्या, स्वल्पविराम, पुढे. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण दोनचार दिवस ऐकून ती म्हणाली, "यो मास्तर बोलत नाय गो, वाचतो." तुला कसं कळलं, असं मी विचारलं. तर म्हणाली, बोलणारा माणूस मध्ये थांबतो तेव्हा पुढचं आठवत असतो, हा थांबतो तेव्हा नुसतं पान उलटतो. मी हसून सोडून दिलं. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ते काय भाव मागणार हे ओळखणं आईचं रोजचं काम होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

हे फोनचं प्रकरण सुरू झालं एका शिंगाळ्यामुळे, म्हणजे विषारी काट्याच्या माशामुळे. सकाळी होडी लागली की आईबरोबर बंदरावर जाऊन मासळी निवडायची, घरी येऊन आंघोळ करायची आणि तलासरीची बस पकडायची असा माझा क्रम होता. डहाणूत मला हवा तो विषय मिळाला नव्हता, म्हणून तलासरी. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका शिंगाळ्याने उजव्या हाताच्या बोटात काटा घातला. ज्यांना तो काटा लागला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना लागला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. बोट टम्म सुजलं, पेन धरवेना. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजात सूचना लागली होती की विद्यार्थ्यांनी वर्गात नोट्स घेण्यासाठी फोनवरचं अ‍ॅप वापरायला हरकत नाही. खाली प्राचार्य मॅडमची सही. पाड्यांवरची बरीच मुलं शेतीच्या दिवसांत गैरहजर राहायची, त्यांचं पुढे काहीच जुळायचं नाही, म्हणून मॅडमनी हे काढलं होतं. अ‍ॅप साधं होतं. एक बटण दाबलं की ते सरांचं बोलणं टिपत राहायचं आणि आपण खाली आपल्याला हवे तेवढे शब्द टाइप करायचे. नंतर त्यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द टाइप करताना सर काय बोलत होते ते ऐकू यायचं. शिवाय एकाच्या नोट्स दुसऱ्याला दिसायच्या. माझी मैत्रीण सुनीता कैनाडहून यायची. लावणीत ती दोन आठवडे आली नाही, तेव्हा दुपारची भाकरी खायला बांधावर बसली की ती माझ्या नोट्स ऐकायची आणि संध्याकाळी मला शंका विचारायची. माझं बोट बरं झालं, पण मी वहीकडे परत गेले नाही. डाव्या अंगठ्याने मी इतकं भराभर टाइप करायला शिकले की सुनीता म्हणायची, तुझा अंगठा वेगळा जेवतो का गं.

आता सामंत सरांविषयी. ते वाईट शिक्षक आहेत असं कुणी म्हणत नसे, आणि मीही आधी म्हणत नव्हते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेल्याला जाग यावी. हाताखाली एक जाड वही असायची, तिच्या कडा चहात बुडवल्यासारख्या पिवळ्या. सर ती वही उघडायचे, अर्धं वाक्य म्हणायचे, थांबायचे, मग उरलेलं अर्धं म्हणायचे, आणि सगळा वर्ग मान खाली घालून लिहायचा. हीच त्यांची शिकवण्याची रीत. पहिल्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात, मी बसमधून धावत वर्गात शिरले तेव्हा ते म्हणाले होते, डहाणूची गाडी आली वाटतं, खिडक्या उघडा जरा. वर्ग हसला. मीही हसले. मला त्यांचा राग पुढे खूप आला, पण त्या हसण्याबद्दल माझा स्वतःवरचा राग आजही गेलेला नाही. आता माझ्या तोंडात अर्धे दात माझे नाहीत, तरी त्या दिवशीचं ते हसू आठवलं की मी तोंड मिटून घेते.

फोन त्यांना आवडत नव्हता हे दिसत होतं. मॅडमची सूचना असल्याने ते बोलले काहीच नाहीत. ज्यांना फोन चालवायचा त्यांनी मागे बसा, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही सात जणी मागे जाऊन बसलो. मुलांपैकी कुणी आलं नाही, त्यांना सरांची भीती होती. सुनीता, मी आणि पाड्यांवरच्या आणखी पाच मुली. सर हजेरीला नावं पुकारत नसत. तास संपायच्या आधी मस्टर हातात घेऊन बाकांमधून फिरायचे, उघड्या वह्या बघायचे आणि खुणा करत जायचे. आमच्या बाकांपाशीही यायचे, आमच्यावरून नजर फिरवायचे आणि पेन चालवायचे. पेन चालताना मी पाहिलं होतं. ते काय लिहितं हे मी पाहिलं नव्हतं.

सत्र संपायला महिना उरला असताना फळ्यावर यादी लागली. भूगोलात ज्यांची हजेरी कमी आहे आणि ज्यांना म्हणून परीक्षेला बसता येणार नाही त्यांची यादी. सात नावं होती, आणि पहिलं माझं. यादीप्रमाणे मी एकाही तासाला हजर नव्हते. बोटात काटा असताना, ताप असताना, बस बंद पडली म्हणून तीन किलोमीटर चालत येऊन ज्या तासांना बसले होते, त्या सगळ्या तासांपुढे गैरहजर. मी ती यादी वाचत उभी राहिले आणि मला पहिल्यांदा काय आठवलं तर बाबांचं बोलणं. बाबा खलाशी होते, महिन्यातले निम्मे दिवस समुद्रावर. मला कॉलेजात घालताना त्यांनी सांगितलं होतं की एक वर्ष जरी वाया गेलं तरी कॉलेज बंद आणि काकीबरोबर बाजारात बसायचं. त्यात ते चुकीचे नव्हते. त्यांना दोन हात कमी पडत होते आणि ते हात माझ्या अंगाला होते. बाजारात बसण्याचीही मला लाज नव्हती. पण बसायचं तर माझ्या मनाने जाऊन बसायचं, सामंत सरांनी ढकललं म्हणून नाही.

मी फोन घेऊन स्टाफरूममध्ये गेले. सुनीता दाराशी थांबली. मी सरांपुढे फोन धरला आणि एकेक तास दाखवला. तारीख, वेळ, खाली माझे शब्द आणि त्या शब्दांना चिकटलेला त्यांचा आवाज. सरांनी तो ऐकला. खरं सांगते, ते आवडीने ऐकत होते. एका वाक्याला तर त्यांची मान हलली, स्वतःलाच दाद दिल्यासारखी. मग त्यांनी फोन माझ्याकडे परत सरकवला.

"फोन वर्गात होता, हे मान्य," ते म्हणाले. "तू होतीस कशावरून?"

ते पुढे म्हणाले की माझ्या वर्गात जो लिहितो तो असतो, बाकीचे वारा खायला आलेले. आणि त्यांनी चहा मागवला. त्यांनी तो प्रश्न रागावून विचारला असता तर मी कदाचित रडून विसरले असते. त्यांनी तो मजेत विचारला. बसमध्ये सुनीता माझा हात धरून रडत होती आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होते, जसं जिभेने दुखरा दात चाचपतो तसं.

दुसऱ्या दिवशी सातही जणींनी मॅडमकडे अर्ज दिला. मॅडम भल्या बाई होत्या, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हत्या. मस्टरवर सही विषयाच्या शिक्षकाची चालते, आपली नाही, असं त्यांनी सांगितलं. मग थोडा वेळ अर्जाकडे बघून म्हणाल्या की पुढच्या शुक्रवारी त्या स्वतः तासाला येऊन मागे बसतील, तुम्ही कसं शिकता ते बघतील, आणि मग सरांशी बोलतील. म्हणजे आमच्या हातात एक शुक्रवार आला.

त्याच आठवड्यात ते घडलं. काकी सुकं विकायची, सुकट आणि जवळा, आणि त्याच्या पुड्या बांधायला तिला जुन्या वह्यांची पानं लागायची. वर्तमानपत्राची शाई माशाला लागते, वहीचं पान बरं, असं तिचं मत. त्या संध्याकाळी ती पुड्या बांधत होती, मोरीवर सरांचा आदल्या दिवसाचा तास चालू होता, आणि मी तिला पानं फाडून देत होते. फोनमधून सर म्हणाले, "भरती आणि ओहोटी ही," आणि थांबले. माझ्या हातातल्या पानावर लिहिलं होतं, "सागराची श्वसनक्रिया होय." फोनमधून सर म्हणाले, "सागराची श्वसनक्रिया होय. अधोरेखित करा." पानावर ते वाक्य अधोरेखित होतं. सर म्हणाले, सागर श्वास घेतो पण तुम्ही वर्गात घोरू नका. पानावर हेही होतं, आणि त्यापुढे कंसात लिहिलं होतं, सर हसले. फोनमध्ये सर हसले.

वही वंदनाताईची होती. काकीची थोरली मुलगी, माझ्याच कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, मग लग्न होऊन वापीला गेलेली. तिला दोन शाळकरी मुलं होती, यावरून वही किती जुनी ते समजावं. मी तिला फोन लावला आणि काही न सांगता नुसतं विचारलं, सामंत सर भरती-ओहोटीला काय म्हणायचे गं? तिने एका दमात सगळं म्हणून दाखवलं, घोरण्यासकट, आणि मग विचारलं की अजून तोच विनोद आहे का. मी काकीच्या हातातून वही जवळजवळ हिसकावून घेतली. सुरुवातीची वीसेक पानं पुड्यांमध्ये जाऊन लोकांच्या कालवणाला लागली होती. उरलेली सगळी शाबूत होती. म्हणजे या सत्राचा उरलेला भाग, सर अजून जे बोललेच नव्हते ते, स्वल्पविरामांसह माझ्या मांडीवर होतं. आई विळीवरून बघत म्हणाली, "सांगतलेलं ना मी. वाचतो तो."

इथे मला कुणी विचारेल की ती वही नेऊन सरळ मॅडमच्या टेबलावर का नाही ठेवली. माझ्या धाकट्या मुलीने विचारलंच होतं. कदाचित तेवढ्याने काम झालं असतं. पण मला न्याय नको होता, मला सूड हवा होता, आणि या वयात त्याला दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. न्याय मॅडमच्या खोलीत दार लावून झाला असता. मी वर्गात असून नव्हते असं त्या माणसाने लिहिलं होतं. तो स्वतः वर्गात असून नव्हता, वर्षानुवर्षं नव्हता, हे मला त्याला भर वर्गात दाखवायचं होतं. चार दिवस मी त्या वहीतली पानं अ‍ॅपमध्ये टाइप करत होते. बसमध्ये, बंदरावर, भाकरी तव्यावर असताना. प्रत्येक वाक्य सर जिथे तोडणार तिथे तोडलं, कारण त्यांचं तोडणंही आता मला पाठ होतं. मग ते सगळ्या वर्गाला दिसेल असं ठेवून दिलं, ज्या मुलांना सरांची भीती होती त्यांनाही. वर नाव दिलं, शुक्रवारचा तास. तो गुरुवार होता, आणि आम्हा सातजणींचं तोवर ते एकमेकींना म्हणून दाखवत पाठही झालं होतं. मला त्या दिवसांइतकी भूक कधी लागली नाही. आई जवळ्याची चटणी करायची आणि मी पाच-पाच भाकऱ्या खायचे.

सुनीताने अट घातली होती. सरांची तीन वाक्यं त्यांच्या आधी आपण पुरी करायची, मग गप बसायचं. तिसऱ्या वाक्याला मॅडमना कळेल, सरांना कळेल, मग मी उभं राहून एक वाक्य बोलायचं आणि खाली बसायचं. ते वाक्य माझं तयार होतं. सर, वही वर्गात होती, हे मान्य, तुम्ही होतात कशावरून? बसमध्ये मी ते तिला इतक्या वेळा ऐकवलं की कंडक्टरलाही पाठ झालं असेल.

शुक्रवारी मॅडम येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. सरांना त्याची काही चिंता नव्हती, उलट त्यांनी नवी इस्त्री केली होती. त्यांनी वही उघडली आणि आमच्याकडे पाहिलं. आमच्या सातजणींपुढे बाकावर काहीच नव्हतं. वह्या नाहीत, फोन नाहीत, पेन नाही. मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात सरांनी मला विचारलं की आज फोनही घरी का. मी म्हटलं, गरज नाही सर. त्यांनी मॅडमकडे असा कटाक्ष टाकला की बघा, ही तुमची अर्जदार. आणि सुरुवात केली.

"किनारपट्टीची झीज होण्याची प्रमुख कारणे म्हणजे," सर म्हणाले आणि थांबले.

"लाटांचा आघात, वाळूचा उपसा आणि वृक्षतोड होय," मी म्हणाले. सर त्रासून म्हणाले की मी सांगितल्यावर लिहायचं, मध्ये बोलायचं नाही. मग वहीत बघून त्यांनी तेच वाक्य तसंच पुरं केलं. पुढच्या वाक्याला ते अर्ध्यावर आले तेव्हा आम्ही सातजणींनी उरलेलं अर्धं म्हटलं. तिसऱ्याला पुढच्या बाकावरची मुलंही बोलली, हळू आवाजात, मान वर न करता. चौथं वाक्य सरांनी सुरूच केलं नाही. त्यांनी मान वर करून वर्गाकडे पाहिलं, मग वहीकडे, मग वहीच्या मागच्या पानाकडे, जणू तिथून कुणी चोरून बघतंय. हीच माझी वेळ होती. मी उठायला हात बाकावर टेकवले.

आता काकीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ती आमच्याकडची धवलारीण होती. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवळा, धवलारीण म्हणते आणि बसलेल्या बायका तिच्या मागून धरतात. सुनीताच्या पाड्यावरही लग्नं अशीच लागत, फक्त गाणी वेगळी. दोन्हीकडे एक शिस्त मात्र सारखी: सुरू झालेला धवळा अर्धा टाकायचा नाही. म्हणणारीला ठसका लागला, दम तुटला, तर जी जवळ बसली असेल तिने तिथूनच उचलायचा आणि शेवटाला न्यायचा. अर्धा राहिला तर त्या घरात अशुभ. आम्ही मुली हे शिकलो नव्हतो, आम्हाला ते लागलेलं होतं, चालता येतं तसं.

सर थांबले आणि आमच्यातली दाराजवळ बसणारी सगळ्यात बुजरी मुलगी, जी कॉलेजात दोन वर्षांत कधी मोठ्याने बोलली नव्हती, तिने चौथं वाक्य उचललं. पाचव्याला सुनीता गेली, तीन वाक्यांची अट घालणारी सुनीता. मग सगळ्याच. मी उभी राहिलेली आणि माझंही तोंड चालू. स्वल्पविराम, अर्धविराम, अधोरेखित करा, नवीन परिच्छेद. कुणाच्या तरी आवाजात चाल शिरली आणि ती पसरत गेली. मागच्या बाकांवर झीज, निक्षेपण आणि पुळणी लग्नातल्यासारख्या म्हटल्या जात होत्या. मॅडम म्हणाल्या, पुरे. आम्ही ऐकलं, पण थांबता येईना, परिच्छेद संपला नव्हता. तो संपला तर पुढे सरांचा विनोद होता, तोही आम्ही म्हटला, आणि सर हसले हेही म्हटलं, कारण ते पानावर होतं. शुक्रवारचा तास संपून सोमवारचाही आम्ही शुक्रवारीच संपवला. भान आलं तेव्हा मी उभी होते आणि टेबलामागे कुणी नव्हतं. सर कधी निघून गेले ते मला दिसलंच नाही. टेबलावर वही उघडी होती. माझं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

मॅडमनी ती वही उचलून मिटली, मग त्या आम्हाला ओरडल्या, ओरडताना त्यांचा आवाज नीट लागत नव्हता, आणि म्हणाल्या की यादी काढून टाकायला सांगते. यादी दुपारीच फळ्यावरून निघाली. म्हणजे मी जिंकले होते. बसमध्ये सगळ्या जणी हसत होत्या, आईने संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं, काकीने मला सगळं पुन्हा करून दाखवायला लावलं आणि चाल कुठे चुकली तेही सांगितलं. मला मात्र चुटपुट लागून राहिली होती. तो माणूस मला न बघताच निघून गेला होता. शेवटीही त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं, आणि मला तेवढंच तर हवं होतं.

सोमवारी सर आले. हातात वही नव्हती. पाढे विसरलेल्या मुलासारखे ते फळ्याकडे तोंड करून काही वेळ उभे राहिले, फळ्यावर किनारपट्टी एवढा एकच शब्द लिहिला आणि पुढे त्यांना काही लिहिता आलं नाही. मग ते खुर्चीत बसले, मस्टर उघडलं, आणि इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नावं पुकारायला लागले. मुलं एकेक करून हजर म्हणत होती. माझं नाव आलं.

"हेमांगी," सर म्हणाले.

मी काही बोलले नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत बसून राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. शेजारून सुनीताने मला कोपर मारलं. सरांना खाली मान घालून गैरहजर लिहिता आलं असतं, पण आता तेही त्यांच्याने होईना. ते उठले. त्यांचा एक गुडघा दुखायचा, बाकांमधून चालताना ते हाताने बाकाच्या कडा धरायचे. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. जवळून त्यांचे डोळे लालसर दिसत होते, रविवारी रात्रभर झोप नसावी.

"आहेस," ते म्हणाले. त्यात प्रश्न नव्हता.

त्यांनी मस्टर माझ्या बाकावर ठेवून माझ्यासमोर हजर लिहिलं आणि ते पुन्हा खुर्चीकडे गेले. दोन मुलांनंतर सुनीताचं नाव आलं. सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि तीही गप्प राहिली. सर पुन्हा उठले. आमच्या सातजणींची नावं मस्टरमध्ये मुलांच्या नावांत विखुरलेली होती, तेव्हा दरवेळी ते खुर्चीत जाऊन बसायचे, एकदोन मुलं हजर म्हणायची, आणि मग त्यांना पुन्हा उठून मागे यावं लागायचं. आम्ही काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगते. सातवी ती दाराजवळची मुलगी, वर्गाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्यापर्यंत पोचायच्या आत सर मध्येच एका बाकाला धरून थांबले आणि श्वास घेत उभे राहिले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, बोलू का, असं विचारत. मी नुसती मान हलवली असती तरी ती बोलली असती. मी मान हलवली नाही.